निम्मं होण्याची वेळ

मुलगी आईच्या पोटात तीन महिन्यांची होते, त्या सुमारास तिच्या अंडपेशी अर्धसूत्री विभाजनाला लागतात. मुलाच्या पेशी मात्र बारा-तेरा वर्षं थांबून राहतात. दोघांच्या जननपेशींचं मूळ एकच, भ्रूणात त्या चालत येतात ती वाटही एकच. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली ही मुलीची आणि ही मुलाची, असं सांगताही येत नाही. मग एकीला लगेच निरोप मिळतो आणि दुसऱ्याला इतका उशीर का? आणि मिळतो तेव्हा तो देतं कोण? गेली शंभर वर्षं या प्रश्नाचा पाठपुरावा चालू आहे. २००६ साली उत्तर सापडलं असं वाटलं, ते पाठ्यपुस्तकांतही गेलं. २०२० पासून त्यातला बराच भाग पुन्हा लिहावा लागतो आहे.

नेमकं काय सुरू होतं, ते आधी थोडक्यात. शरीरातली साधी पेशी विभागते तेव्हा गुणसूत्रांची नक्कल एकदा होते आणि वाटणीही एकदा, म्हणून संख्या कायम राहते. अर्धसूत्री विभाजनात नक्कल एकदाच आणि वाटण्या दोन. माणसाची ४६ गुणसूत्रांची पेशी अखेर २३ वर येते. पहिल्या वाटणीआधी आईकडचं आणि बापाकडचं गुणसूत्र शेजारी येतं आणि दोघांत तुकड्यांची अदलाबदल होते. १८८३ साली बेल्जियमच्या व्हॅन बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यातल्या जंतात हे निम्मेपण पाहिलं. १८८७ साली ऑगस्ट वाइझमान यांनी सांगितलं की असं व्हायलाच हवं, नाहीतर दर पिढीला गुणसूत्रं दुप्पट होत जातील. वाटणी कशी होते याचा पुढे फार बारकाईनं अभ्यास झाला. ती सुरू कशी होते हा प्रश्न मात्र मागे पडला, कारण सुरुवात डोळ्यांना दिसत नाही. जे दिसतं ते सुरू होऊन गेल्यानंतरचं.

भंडारा जिल्ह्यात हा विषय पुस्तकात बंद राहत नाही. नागपूरपासून भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपर्यंतचा सगळा पट्टा सिकलसेलचा. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली निलगिरीत. त्यानंतर काही वर्षांतच, १९५८ साली, नागपुरातून मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये आली. वाहक बापाच्या निम्म्या शुक्राणूंत सिकलचं जनुक जातं, निम्म्यांत चांगलं जातं. आरोग्यसेविका वाहक जोडप्याला सांगते की प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका आहे, तो हिशेब याच वाटणीतून येतो. आधीची मुलं निरोगी निघाली म्हणून पुढच्याचा धोका वाढत नाही की कमीही होत नाही, कारण प्रत्येक पेशीत वाटणी नव्यानं होते. आणि सिकलसेलवर जे औषध आज सर्वाधिक दिलं जातं, ते हायड्रॉक्सीयुरिया, नेमकं या सुरुवातीच्या पायरीशी जाऊन भिडतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या संशोधनाचा आपल्या भागाशी सर्वांत जवळचा संबंध तिथं आहे.

त्याआधी एक प्राणी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. भंडाऱ्याजवळचं कोका अभयारण्य त्यातच येतं. या जंगलात भेकर आहे. कुत्र्यासारखं भुंकणारं हे लहानसं हरीण गुणसूत्रांच्या अभ्यासकांना जगभर ठाऊक आहे. १९७० साली डोरिस वुर्स्टर आणि कुर्ट बेनिर्शके यांनी दाखवलं की भारतीय भेकराच्या मादीत फक्त सहा गुणसूत्रं असतात आणि नरात सात. सस्तन प्राण्यांत इतकी कमी संख्या दुसरीकडे सापडलेली नाही. चीनमधल्या त्याच्या जवळच्या भावकीत ती ४६ आहेत, म्हणजे माणसाइतकी! मधल्या काळात गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळत गेली. नरातलं सातवं येतं कुठून, तर एक्स गुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला जोडलं गेलंय; त्या दुसऱ्याचा सुटा जोडीदार आणि चिमुकलं वाय असे दोघं वेगळे उरतात. भेकराच्या नराच्या वृषणात अर्धसूत्री विभाजन होताना ही तिघं एकत्र येतात. शेकडो पेशी पाहिल्या तरी चित्र तेच: दोन भल्यामोठ्या जोड्या आणि एक तिघांचा गट. उंदराच्या वीस जोड्यांच्या गुंत्यात जे शोधावं लागतं, ते इथं मोजून दाखवता येतं.

भेकरावरून एक गोष्ट लक्षात येते. गुणसूत्रांची संख्या आणि आकार यांची उत्क्रांतीत एवढी उलथापालथ होऊनही विभाजनाच्या पायऱ्या तशाच राहिल्या. तीन जोड्या असोत की तेवीस, क्रम तोच. म्हणून सुरुवातीचं कारण गुणसूत्रांत शोधून भागत नाही. पेशीच्या आणि तिच्या आसपासच्या रसायनांत ते शोधावं लागतं.

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात उंदराच्या वृषणाची जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवलेली काचपट्टी बहुतेकांनी पाहिलेली असते. गोल कापल्या गेलेल्या नलिका शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. एक नलिका घेऊन चाळीस पटीच्या भिंगाखाली कडेपासून आत जावं. अगदी कडेला, पायाच्या पातळ पडद्याला टेकून, मूळपेशी आणि त्यांच्यापासून निघालेल्या स्पर्मॅटोगोनिया. त्यांच्यातच मिसळलेल्या काही लहान, गोल, गडद केंद्रकाच्या पेशी असतात. नवख्याला त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. ह्याच त्या प्रीलेप्टोटीन पेशी. त्यांच्यात गुणसूत्रांची शेवटची नक्कल चालू असते आणि ती साध्या विभाजनापूर्वीच्या नकलेपेक्षा बरीच संथ असते. त्यांच्या आत मोठ्या केंद्रकाच्या, जाडसर दोऱ्यांनी भरलेल्या पॅकिटीन पेशी, त्यांच्याही आत गोल शुक्रपेशी आणि मधल्या पोकळीत शेपट्यांचे झुबके. कडेपासून मध्यापर्यंतचं हे बोटभरही नसलेलं अंतर, खरं तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं, पण उंदरात ते कापायला साधारण पस्तीस दिवस लागतात. आपला सगळा प्रश्न कडेच्या त्या लहान गडद पेशीचा आहे. तिच्या आदल्या पिढीपर्यंत साधं विभाजन चालू होतं. ते सोडून ती वेगळ्या वाटेला कशी लागली?

या पेशी एकट्या नसतात. दोन पेशींच्या मध्ये, पायाच्या पडद्यापासून पोकळीपर्यंत उभ्या असतात त्या सर्टोली पेशी. एन्रिको सर्टोली यांनी १८६५ साली त्यांचं वर्णन केलं. जननपेशींना अन्न, आधार आणि संदेश सगळं त्यांच्याकडून मिळतं. नलिकेच्या लांबीवर सगळीकडे एकच अवस्था नसते. मामा तलावाखालच्या धानाच्या बांध्या पाहिलेल्याला हे चटकन समजेल: पाणीपाळी पुढे सरकत जाते, म्हणून एका बांधीत चिखलणी चाललेली असते, दुसरीत पऱ्हे रोवले जात असतात आणि तिसरीत रोवणी होऊन रोप हिरवं झालेलं असतं. नलिकेतही एका तुकड्यात पेशी नुकत्या अर्धसूत्री विभाजनात शिरत असतात, पुढच्या तुकड्यात त्या निम्म्या वाटेवर, आणखी पुढे शुक्राणू सुटायला आलेले. फरक असा की इथं पाळी वर्षभर फिरत राहते. उंदरात ती दर ८.६ दिवसांनी येते, माणसात १६ दिवसांनी, वळूत साडेतेरा दिवसांनी. असे साडेचार फेरे झाले की मूळपेशीपासून शुक्राणू तयार. माणसात ७२ ते ७४ दिवस लागतात, वळूत ६१. म्हशीचा रेडा यात फार जलद: त्याचा फेरा उंदराएवढाच आणि सगळी वाटचाल सुमारे ३८ दिवसांची. मे महिन्यातल्या उन्हानं किंवा तापानं रेड्याचं रेत बिघडलं तर सुधारणा किती दिवसांनी दिसेल, हे ठरवताना हा आकडा कामाचा आहे. वृषणातली उष्णता सर्वांत जास्त सोसवत नाही ती अर्धसूत्री विभाजनात शिरलेल्या पेशींनाच.

आता ही पाणीपाळी कशाची? जीवनसत्त्व अ या उत्तरापर्यंत पोचायला फार काळ लागला. १९२५ साली हार्वर्डच्या वोलबाख आणि होव यांनी उंदरांना या जीवनसत्त्वाविना वाढवलं. डोळे, श्वासनलिका यांच्याबरोबर वृषणंही आक्रसली. पुढे दिसून आलं की नलिका रिकाम्या होतात, पण मूळपेशी शिल्लक राहतात. पुढे जाण्याचं तेवढं थांबतं. उपाशी उंदराला जीवनसत्त्व परत दिलं की सगळ्या नलिका एकाच वेळी, एकाच पायरीवरून चालू होतात. निसर्गात कधीही न दिसणारी ही एकसारखी सुरुवात १९८० च्या दशकाअखेर अभ्यासकांच्या हाती लागली आणि मग पायरी पायरी तपासणं शक्य झालं. जीवनसत्त्वाचं पेशीत रेटिनॉइक आम्ल होतं आणि काम तेच करतं.

गोठ्यातल्या जनावरांचा विचार केला तर हे फार दूरचं नाही. भंडाऱ्यात उन्हाळ्यात जनावरांच्या पुढ्यात धानाचं तणीस असतं. वाळलेल्या तणसात कॅरोटीन जवळजवळ नसतं आणि जनावराला जीवनसत्त्व अ कॅरोटीनपासूनच बनवावं लागतं. यकृतातला साठा काही महिने पुरतो, मग संपतो. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत वळूच्या नापिकीच्या कारणांत अ जीवनसत्त्वाची कमतरता आहेच. आता बहुतेक गावांत कृत्रिम रेतन होतं, गोठवलेल्या रेतमात्रा येतात, त्यामुळे गावच्या वळूकडे कुणाचं लक्ष राहिलेलं नाही. जिथं अजून गावचा रेडा आहे, तिथं त्याला उन्हाळ्यात मूठभर का होईना हिरवा चारा मिळायला हवा, असं मला कळकळीनं वाटतं.

याच रसायनाभोवतीचा एक काळा अध्याय सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विन १८,४४६ नावाचं औषध १९६० च्या सुमारास अमेरिकेत तुरुंगातल्या कैद्यांना देण्यात आलं. शुक्राणूंची संख्या घसरून शून्याजवळ गेली, औषध थांबवल्यावर परत आली. पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी सापडली असं वाटत असतानाच, औषध चालू असताना दारू प्यालेल्यांना धडधड, उलट्या असा जबर त्रास झाला आणि ते मागे घेतलं गेलं. कारण खूप नंतर स्पष्ट झालं: शरीरात दारूचा निचरा करणारं विकर आणि रेटिनॉइक आम्ल बनवणारं विकर एकाच कुळातली आहेत, हे औषध दोघांनाही अडवतं. ज्ञान मिळालं हे खरं, पण कैद्याच्या होकाराला मोकळा होकार म्हणता येत नाही, आणि प्रबंधांत हा प्रयोग आला की हेही त्याच पानावर यायला हवं. आज त्याच मार्गावरची, पण आम्लाच्या ग्राहक-प्रथिनाला अडवणारी वायसीटी-५२९ ही गोळी माणसांतल्या सुरक्षितता-चाचण्यांपर्यंत आली आहे.

इथवर कळलं ते प्रौढ नराचं. मुलगा आणि मुलगी यांच्यातल्या वेळेच्या फरकाचा शोध दुसऱ्या बाजूनं चालला होता. डेन्मार्कच्या अ‍ॅन ग्रेट बिस्कोव्ह यांनी १९७० च्या दशकात मांडलं की अंडाशयाशेजारच्या ऊतीतून एखादा पदार्थ येत असावा आणि तो विभाजन सुरू करत असावा. इंग्लंडच्या अ‍ॅन मॅकलारेन यांचा कल वेगळा होता: जननपेशीचा स्वभावच वेळ झाली की अर्धसूत्री विभाजनात शिरण्याचा आहे आणि वृषण तिला अडवून धरतं. त्यांच्या बाजूला एक नामी पुरावा होता. भ्रूणात काही जननपेशी वाट चुकून मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीत जातात. तिथं नराच्या पेशीही मादीच्या वेळापत्रकानं विभाजनाला लागतात. म्हणजे पेशी एक्स-वाय आहे म्हणून थांबत नाही. ती वृषणात आहे म्हणून थांबते. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर पुरावा वाटतो, कारण प्रयोग निसर्गानंच करून ठेवला होता, त्याकडे नीट पाहणारं कुणीतरी हवं होतं.

२००६ साली दोन्ही धागे जुळले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या जोसेफीन बोल्स आणि पीटर कूपमन यांनी, अमेरिकेत डेव्हिड पेज यांच्या प्रयोगशाळेनं, एकाच वर्षी सांगितलं: भ्रूणात शेजारच्या ऊतीतून रेटिनॉइक आम्ल येतं. अंडाशयात ते पेशींपर्यंत पोचतं आणि विभाजन सुरू होतं. वृषणात सर्टोली पेशी सीवायपी-२६-बी-१ नावाचं विकर बनवतात, ते आम्ल तिथल्या तिथं मोडून टाकतं. हे विकर नसलेल्या उंदरांत नर भ्रूणाच्या पेशी खरोखरच आईच्या पोटातच अर्धसूत्री विभाजनात शिरू लागल्या. बिस्कोव्हही बरोबर, मॅकलारेनही बरोबर. वयात आल्यावर वृषणात आम्ल तयार होऊ लागतं, म्हणून मुलाच्या पेशी तेव्हा निघतात. इतकं सुटसुटीत उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळतं.

आम्ल पेशीत काय करतं याचंही उत्तर तयार होतं. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी १९९६ साली रेटिनॉइक आम्लानं जागं होणारं एक जनुक शोधलं होतं, स्ट्रा-८. ते नसलेले उंदीर नर-मादी दोन्ही वांझ. मादीत शेवटची नक्कलच नीट होत नाही. नरात काही पेशी नक्कल करतात पण पुढे दोऱ्यांच्या अवस्थेत जाऊ शकत नाहीत. हे प्रथिन नेमकं करतं काय, हे बरीच वर्षं धूसर होतं. २०२० साली जपानच्या कुमामोतो विद्यापीठात केइइचिरो इशिगुरो यांच्या गटानं त्याचा जोडीदार शोधला, मेइओसिन. दोघं मिळून शेकडो जनुकांच्या दारात जाऊन बसतात आणि ती एकदम चालू करतात: गुणसूत्रांचा कणा बांधणारी, डीएनए तोडणारी, तुटलेलं जोडणारी. गंमत म्हणजे, पेज यांच्याच प्रयोगशाळेनं वर्षभर आधी दाखवलं होतं की यांतली बरीचशी जनुकं स्ट्रा-८ येण्याआधीच थोडी थोडी चालू झालेली असतात. स्ट्रा-८ ती जोरात चालवतं. म्हणजे पेशी आधीच अर्धी तयार होऊन बसलेली असते.

इथंच २००६ च्या चित्राला पहिला तडा दिसतो. २०२० साली मोठा गेला. फ्रान्समध्ये नीसच्या गटानं भ्रूणातली रेटिनॉइक आम्ल बनवणारी तिन्ही विकरं काढून टाकली. अंडाशयातलं विभाजन तरी सुरू झालं. स्ट्रासबुर्गच्या गटानं आम्लाचे सगळे ग्राहक काढून टाकले; तरी सुरू झालं, आणि अशा मादीच्या पेशी पुढे पिलांपर्यंतही पोचल्या. ज्या गावात स्ट्रा-८ सापडलं, तिथूनच हा निकाल आला, हे मला त्या गटाच्या प्रामाणिकपणाचं लक्षण वाटतं. मग मादीत सुरुवात कोण करतं? क्योतोच्या मितिनोरी सैतू यांच्या गटानं त्याच वर्षी झेडजीएलपी-१ हा घटक पुढे आणला. तो बीएमपी नावाच्या दुसऱ्याच संदेशानं चालू होतो, आणि रेटिनॉइक आम्ल त्याला नुसतं पाठबळ देतं.

नराच्या बाबतीत चित्र इतकं पालटलेलं नाही. वृषणात रेटिनॉइक आम्लाशिवाय गाडी हलत नाही, हे वोलबाख आणि होव यांच्यापासून आजवर कुणी खोडलेलं नाही. पण कुठली पायरी त्याच्यावाचून अडते, हे आता जास्त काटेकोरपणे सांगितलं जातं. सर्वांत आधी आणि सर्वांत ठामपणे अडते ती मूळपेशीच्या लेकीची स्पर्मॅटोगोनिया म्हणून पक्की होण्याची पायरी. तिथून सात-आठ दिवस साधी विभाजनं होतात आणि मग पेशी अर्धसूत्री विभाजनात शिरते, त्या वेळी आम्लाची दुसरी लाट आलेली असते. या काळात डीएमआरटी-१ हे प्रथिन पेशीला थोपवून धरतं: ते आहे तोवर आम्लाचा परिणाम मर्यादित राहतो आणि पेशी साधं विभाजन करत राहते. मिनेसोटातल्या गटानं २०१० साली ते काढून टाकलं, तर पेशी साधी विभाजनं पुरी न करताच, वेळेआधीच अर्धसूत्री वाटेला लागल्या.

शिवाय पेशी मुळात निरोप ऐकण्याच्या लायक झालेली असावी लागते. ती लायकी देणारं प्रथिन डॅझल. ते नसलेल्या पेशीला आम्ल कितीही दिलं तरी काही होत नाही. या डॅझलची भावंडं माणसाच्या वाय गुणसूत्रावर आहेत. १९७६ साली इटलीच्या तिएपोलो आणि झुफार्दी यांनी शुक्राणू नसलेल्या काही पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा तुकडा गळालेला पाहिला. १९९५ साली पेज यांच्या गटानं त्या भागात डॅझ जनुकं शोधली. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही वंध्य पुरुषांतले वाय गुणसूत्राचे असे गळालेले तुकडे तपासले गेले आहेत. नागपूरला वंध्यत्वाच्या तपासणीसाठी गेलेल्या जोडप्याला ही चाचणी सुचवली जाते, ती इथून आली. आणि ती चाचणी नवऱ्याची असते, हे सांगून ठेवायला हवं, कारण आपल्याकडे मूल होत नाही म्हटलं की अजूनही आधी सुनेलाच दवाखाने दाखवले जातात.

शिरणं आणि शिरून तिथं राहणं हेही दोन वेगळे टप्पे निघाले. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये स्कॉट कीनी यांच्या प्रयोगशाळेत देवांशी जैन यांनी एक उंदरांचा वाण वर्णन केला. त्याच्या पेशी अर्धसूत्री विभाजनात शिरतात, पण लगेच बिचकून साध्या विभाजनाकडे परततात आणि त्या गोंधळात मरतात. त्या वाणाचं नाव केतू. त्याआधीच्या दुसऱ्या वाणाचं नाव राहू. केतूत बिघडलेलं प्रथिन जुन्या संदेशांच्या प्रती नष्ट करण्याशी जोडलेलं आहे. नव्या वाटेला लागायचं तर जुन्या वाटेचे आदेश पुसले जायला हवेत, आणि त्याला स्वतंत्र यंत्रणा लागते. ही बाजू माशीपासून उंदरापर्यंत सारखी आहे; माझ्या अंदाजानं पुढच्या काही वर्षांत जास्त काम इथं होईल.

टेस्टोस्टेरॉनबद्दल लोकांत जो समज आहे तो इथं दुरुस्त करायला हरकत नाही. मुलगा वयात येतो तेव्हा ते वाढतं, म्हणून सुरुवात तेच करत असेल असं वाटणं साहजिक आहे. बेल्जियममधल्या गटानं २००४ साली सर्टोली पेशींतला त्याचा ग्राहक काढून टाकला. पेशी विभाजनात शिरल्या. अडकल्या त्या पुढे, पूर्ण करताना. टेस्टोस्टेरॉन सुरुवातीसाठी लागत नाही, शेवटासाठी लागतं. स्नायू वाढावेत म्हणून व्यायामशाळेत बाहेरून ते टोचून घेणाऱ्या तरुणांचे शुक्राणू कमी होतात, कारण मेंदूकडून वृषणाला येणारे संदेश बंद पडतात आणि वृषणाच्या आत बनणारं संप्रेरक आटतं.

काही प्राण्यांत ही सुरुवात ऋतूनुसार होते, आणि हा ऋतूंचा प्रश्न विदर्भातच चांगला अभ्यासला गेला. नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननावर काही दशकं काम केलं. जुनी देवळं, पडके वाडे, किल्ल्यांचे भुयारी भाग इथली वटवाघळं त्यांचा विषय. काही जाती काटेकोर ऋतूच्या: मोठ्या कानाच्या मेगाडर्मात नोव्हेंबरच्या सुमारास गर्भ राहतो आणि एप्रिलच्या सुमारास पिल्लू होतं. टॅफोझस लाँगिमॅनस ही जात मात्र नागपुरात वर्षभर विते, असं गोपालकृष्ण यांनी १९५५ साली नोंदवलं. हवा तीच, उन्हाळा तोच. ऋतूच्या जातींत नराची नलिका दरवर्षी विझते आणि पुन्हा पेटते, म्हणजे वयात येण्याचा प्रसंग दरवर्षी येतो. स्ट्रा-८ आणि आम्लाच्या दृष्टीनं या वटवाघळांकडे पुन्हा बघायला हवं. उंदरावर जगभर काम चालू आहे. ही सामग्री आपल्या उंबऱ्याशी आहे.

आता हायड्रॉक्सीयुरिया. सिकलसेलमध्ये वेदनेचे झटके आणि रक्त देण्याची वेळ कमी करणारं हे औषध आहे. त्यानं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाल्यापासून तपासणी वाढते आहे, तसं हे औषध घेणाऱ्या मुलांची संख्याही वाढत जाणार. ते काम करतं डीएनएच्या विटा बनवणारं विकर अडवून. जिथं पेशी डीएनएची नक्कल करत असतात तिथं त्याचा परिणाम होतो: अस्थिमज्जेत, आणि वृषणाच्या कडेला. स्पर्मॅटोगोनियांची भराभर होणारी विभाजनं आणि प्रीलेप्टोटीन पेशीतली ती लांबलेली शेवटची नक्कल, दोन्ही त्याच्या टप्प्यात येतात. औषध चालू असलेल्या प्रौढ पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते, हे फ्रान्समधल्या रुग्णांत नीट मोजलं गेलं आहे. बऱ्याच जणांत औषध थांबवल्यावर ती सुधारते, सगळ्यांत नाही. सिकलसेलमुळे मुळातच वृषणाला त्रास होतो, हेही त्यात मिसळलेलं असतं.

मग लहान मुलांचं काय? आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या आईबापांना ही भीती वाटते आणि कधी कधी त्या भीतीनं औषध सुटतं. इथं सुरुवातीचं जीवशास्त्र कामाला येतं. वयात येण्यापूर्वी अर्धसूत्री विभाजन चालूच नसतं, शेवटची नक्कल कुणी करत नसतं. मूळपेशी असतात, पण संथ. त्यामुळे या वयातलं औषध पुढच्या शुक्राणूंना कमी नडावं, अशी अपेक्षा बांधता येते. २०२१ साली फ्रान्समधून आलेल्या अभ्यासात, वयात येण्यापूर्वी हायड्रॉक्सीयुरिया घेतलेल्या आणि न घेतलेल्या सिकलसेलच्या तरुणांच्या शुक्राणूंत फरक आढळला नाही. रुग्ण थोडे होते. पण अपेक्षा आणि निरीक्षण एका दिशेला आहेत. झटक्यानं तडफडणाऱ्या मुलाचं औषध या भीतीपोटी बंद करू नये. वयात आलेल्या मुलाला औषध सुरू करायचं असेल किंवा तरुणाचं लग्न ठरत असेल, तेव्हा डॉक्टरांशी शुक्राणूंबद्दल मोकळेपणानं बोलावं. रेताचा नमुना औषध सुरू होण्याआधी गोठवून ठेवता येतो, ही सोय नागपुरात आहे. तालुक्याच्या दवाखान्यात हा विषय काढायला संकोच वाटतो, डॉक्टरांनाही वाटतो. तो डॉक्टरांनी आधी सोडायला हवा.

ज्या मुलांना अस्थिमज्जारोपण लागतं त्यांचं अवघड आहे. त्याआधीच्या तीव्र औषधांनी मूळपेशीच मरू शकतात, आणि वयात न आलेल्या मुलाकडे गोठवायला शुक्राणू नसतात. उरतो तो मार्ग वृषणाचा छोटा तुकडा गोठवण्याचा, आणि पुढे कधीतरी त्यातल्या पेशींना अर्धसूत्री विभाजनात घालण्याचा. २०११ साली योकोहामात सातो आणि ओगावा यांनी नवजात उंदराच्या वृषणाचे तुकडे बशीत वाढवून शुक्राणू मिळवले आणि त्यांच्यापासून निरोगी पिलं झाली. २०१९ साली अमेरिकेत वयात न आलेल्या माकडाचा गोठवलेला तुकडा त्याच माकडाच्या कातडीखाली परत रोवला. त्यातल्या शुक्राणूपासून ग्रेडी नावाचं पिल्लू जन्माला आलं. माणसाच्या पेशी बशीत ठेवून हे खात्रीनं जमत नाही. त्या विभाजनाच्या उंबऱ्यापर्यंत येतात, काही दोऱ्यांच्या अवस्थेतही जातात, आणि तिथं थांबतात. रेटिनॉइक आम्ल दिलं जातं, स्ट्रा-८ चालू होतं, तरी पुरेसं होत नाही. सर्टोली पेशीकडून अजून काहीतरी यावं लागतं, आणि ते काय, याचा शोध उंदरापेक्षा माणसाच्या ऊतीवरच घ्यावा लागणार आहे, कारण १६ दिवसांचा फेरा आणि ८.६ दिवसांचा फेरा यांतलं वेळेचं गणित एक नाही.